सालीचा अर्क

मराठीत उरलेल्या वस्तूंना नावे पुष्कळ आहेत. उसाचे चिपाड, नारळाची करवंटी, शेंगेचे टरफल, आंब्याची कोय, धान्याचे फोलपट, तेलबियांची पेंड. आणि कशाचाही रस काढल्यावर मागे राहतो तो चोथा. या शब्दांशेजारी ‘टाकाऊ’ हा शब्द ठेवून पाहावा, म्हणजे तो किती आळशी आहे ते ध्यानात येते. पेंड गुरांच्या पुढे जाते, चिपाड चुलीत जाते, करवंटीची पळी होते. ‘टाकाऊ’ या शब्दात वस्तूचा कोणताच गुण सांगितलेला नाही. कोणीतरी ती टाकली एवढीच बातमी आहे, आणि टाकणारा कोण ते त्या बातमीत नाही. टिळकांच्या शाळेतील टरफलांची गोष्ट आपण सारे बाणेदारपणाची म्हणून शिकलो आणि शिकवतो. तिचा खरा प्रश्न, शेंगा एकाने खाल्ल्या तर टरफले कोणी उचलायची, हा मात्र वर्गात सहसा निघत नाही.

हा प्रश्न आम्हांस अलीकडे फार भेटू लागला, तो साहित्याच्या वाटेने नव्हे, तर डाळिंबाच्या. आम्ही संगमनेरला राहतो. शाहीर अनंत फंदींचे (1744–1819) हे गाव प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर आहे. पण नदीकाठ सोडून तळेगाव दिघ्याकडे किंवा साकुरच्या पठारावर गेले की पाणी संपते. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याला 2023 साली पाणी सुटले. त्याआधीची कित्येक वर्षे तळेगावकडच्या भागाने शेततळी आणि ठिबक यांवर काढली, आणि त्या पाण्यावर जे पीक तगले ते डाळिंब. नगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर), शेजारचे नाशिक आणि दक्षिणेकडचे सोलापूर हा महाराष्ट्राचा डाळिंबपट्टा होय. झाडाला आधी ताण द्यायचा, पाणी तोडायचे, पानगळ करायची, मग छाटणी करून पाणी सोडायचे आणि बहार धरायचा, ही इथली रीत. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही नावे आमच्या विद्यार्थ्यांना वृत्तांच्या नावांपेक्षा अधिक पाठ असतात, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

डाळिंबाचे फळ निम्म्याच्या जवळपास साल असते. एक किलो फळ सोलले तर चारशे-पाचशे ग्रॅम साल आणि पडदे निघतात. उरलेल्या दाण्यांतून रस काढला की शंभर-सव्वाशे ग्रॅम बियांचा चोथा राहतो. म्हणजे ज्याला आपण फळ म्हणतो त्यातले निम्म्याहून अधिक रसवंतीच्या मागच्या पिंपात जाते. या प्रमाणात माणसाचाही हात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 2003 च्या सुमारास प्रसारित केलेला ‘भगवा’ हा वाण आज महाराष्ट्रात सर्वांत अधिक लावला जातो. त्याचा रंग मोहक आहे, दाणा मऊ आहे हे खरेच; पण बाजाराने त्याला उचलून धरले त्याचे आणखी एक कारण त्याची जाड, चकचकीत साल. जाड सालीचे फळ दूरच्या बाजारपेठेपर्यंत टिकते, बोटीत टिकते. दुबईच्या दुकानात फळ ताजे दिसावे म्हणून निवडलेली ती साल तिथे पोहोचताच केराची होते. तिने आपले काम केलेले असते.

आमच्या घरी ती केराची होत नसे. सोललेल्या साली सुपात घालून उन्हात वाळवल्या जात आणि डब्यात राहत. पोट बिघडले की त्यांची पूड ताकातून मिळे, हिरड्या सुजल्या की काढ्याने चूळ भरावी लागे. चव इतकी तुरट की जीभ टाळूला चिकटे. आज आम्हांस ठाऊक आहे की ती तुरटी म्हणजे टॅनिने, आणि डाळिंबाच्या सालीतील मुख्य टॅनिनाचे नाव प्युनिकॅलाजिन. झाडाच्या ‘प्युनिका’ या शास्त्रीय नावावरून पडलेले. टॅनिन प्रथिनांना बांधून टाकते. जिभेवर लाळेतील प्रथिने बांधली जातात म्हणून तोंड कोरडे पडते. कातडे कमावताना कातड्यातील प्रथिने बांधली जातात म्हणून ते कुजत नाही. चांभाराच्या कुंडीतली आणि आजीच्या डब्यातली प्रक्रिया मुळात एकच आहे, हे आमच्या आजीला सांगितले असते तर तिने डबा फेकून दिला असता.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. डाळिंबाचा रस आरोग्याला फार उत्तम, ही कीर्ती जगभर पसरली ती विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या सांध्यावर. 2000 साली स्पॅनिश आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून एक साधी तुलना प्रसिद्ध केली: नुसत्या दाण्यांचा हाताने काढलेला रस आणि कारखान्यात अख्खे फळ दाबून काढलेला रस. कारखान्याच्या रसात ऑक्सिडीकरणरोधक गुण बराच अधिक आढळला; कारण दाबताना सालीतील प्युनिकॅलाजिन रसात उतरते. याचा अर्थ, रसाच्या नावावर जमा झालेल्या पुण्याचा मोठा वाटा सालीचा होता. साहित्याच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. संपादकाचे श्रेय लेखकाला, भाषांतरकाराचे मूळ ग्रंथाला. रसायनशास्त्रात निदान मोजून दाखवता येते.

प्युनिकॅलाजिन फुटले की त्यातून एलॅजिक आम्ल निघते. या नावाची जन्मकथा आमच्या वाचकांना आवडेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नान्सी येथील आंरी ब्राकॉनो या रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ मायफळात सापडला. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ, ओक वृक्षावर कीटकाच्या दंशाने येणारी गाठ. फ्रेंचमध्ये तिला ‘गाल’ म्हणतात. ‘गॅलिक आम्ल’ हे नाव आधीच दिले गेले होते, म्हणून त्याने त्या शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली आणि ‘एलॅग’ तयार केले. एवढ्या खोडकरपणे नामकरण झालेला पदार्थ आज औषधांच्या बाटल्यांवर मोठ्या गांभीर्याने छापला जातो. आणि हे मायफळ म्हणजेच युरोपातील लिखाणाचा पाया. मायफळाचा काढा आणि हिराकस एकत्र केले की निळसर काळी शाई होते; कित्येक शतके युरोपाचे करारनामे, प्रवचने, नाटके, प्रेमपत्रे या शाईत लिहिली गेली, आणि तीच शाई कालांतराने कागद कुरतडते म्हणून तिथले ग्रंथपाल आज चिंतेत असतात. आपल्या पोथ्यांची शाई बहुतेक काजळाची, त्यामुळे त्या या दुखण्यातून वाचल्या; वाळवीतून वाचल्या नाहीत, ते वेगळे. लोखंडी कढईत डाळिंबाची साल उकळून पाहावी. पाणी आधी पिवळे होते, मग घटकाभरात हिरवट काळे. ती शाईच आहे. राजस्थानात बगरू आणि सांगानेरचे रंगारी वाळलेल्या सालीला ‘नासपाल’ म्हणतात आणि तिचा पिवळा रंग कापडावर चढवतात. सांगानेरशी आमच्या गावाचे नाव एवढे जुळते, पण आमच्या गावात साल पिंपात जाते आणि त्यांच्या गावात ती पोत्याने विकत घेतात.

तर सालीतून गुण बाहेर काढायचा कसा? शासकीय परिभाषेत या क्रियेला ‘निष्कर्षण’ म्हणतात. शब्द जड आहे, पण वाईट नाही. ‘कृष्’ म्हणजे ओढणे. नांगर ओढला की कृषी, एकाने दुसऱ्याला आपल्याकडे ओढले की आकर्षण, युक्तिवादातून ओढून काढला तो निष्कर्ष. बोलीतला शब्द ‘अर्क’. तो अरबीतून आला, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीच्या झाकणाला वाफेचे थेंब सुटतात ते पाहिले की ही उपमा पटते. मराठीने त्याला आणखी एक अर्थ दिला. गावातील एखाद्या नमुनेदार माणसाला आपण ‘अर्क’ म्हणतो, आणि त्यात कौतुक किती आणि सावधगिरी किती हे सांगता येत नाही. सालीच्या अर्काबद्दलही आमची भावना काहीशी तशीच आहे, ती का ते पुढे येईल.

प्रयोगशाळेत गेली शंभर-दीडशे वर्षे निष्कर्षण म्हणजे हेक्झेन, मिथेनॉल, ॲसिटोन अशा द्रावकांत वस्तू बुडवून ठेवणे. हेक्झेन खनिज तेलातून येते आणि त्याची वाफ दीर्घकाळ हुंगणाऱ्या कामगाराच्या मज्जातंतूंना इजा करते. मिथेनॉलचे विषारीपण तर दारूकांडांच्या बातम्यांमुळे सर्वांना माहीत आहे. फळाच्या सालीतून आरोग्य काढायचे आणि त्यासाठी कारखान्यातील माणसाचे आरोग्य खर्ची घालायचे, हा व्यवहार विचित्र होता. 1998 साली पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, त्यात सुरक्षित द्रावक हे एक तत्त्व आहे. त्यानंतर फळांच्या चोथ्यावरील संशोधनाला पूर आला. श्राव्यातीत ध्वनीने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करायचे; ते मिटताना पेशीची भिंत फोडतात आणि तासांचे काम मिनिटांत होते. सूक्ष्मतरंगांनी पेशीतील पाणीच आतून तापवायचे. पेशीभित्तिका कुरतडणारी विकरे वापरायची. किंवा कर्बवायू 31 अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या 73 पटींहून अधिक दाबाखाली ठेवायचा, म्हणजे तो ना धड वायू राहतो ना द्रव, आणि उत्तम द्रावक होतो. काम झाल्यावर दाब सोडला की उडून जातो, मागे काही ठेवत नाही. कॉफीतील कॅफिन याच रीतीने काढतात. डाळिंबाच्या बियांचे तेल असे छान निघते. प्युनिकॅलाजिन मात्र निघत नाही, कारण त्याला तेलकट संगत सोसत नाही; त्याला पाणी लागते.

आणि पाणी म्हटले की आयुर्वेद आठवणे साहजिक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाच कषायकल्पना आहेत: स्वरस, कल्क, शृत म्हणजे काढा, शीत म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवणे, आणि फांट म्हणजे उकळते पाणी ओतून झाकणे. चहा करण्याची खरी रीत ती फांटाची, आपण करतो तो काढा. पाचही कल्पनांत हेक्झेन नाही. एवढ्यावरून ‘हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणणारे लोक सभासंमेलनांत भेटतात. आम्ही त्यांच्यात नाही. काढ्यात काय उतरले, किती उतरले, आणि चुलीखाली किती लाकूड जळले, हे मोजण्याची सोय त्या काळी नव्हती. पण पाच वेगळ्या नावांचा अर्थ असा की एकाच पाण्याचे पाच स्वभाव कोणीतरी लक्षपूर्वक पाहिले होते. थंड पाण्यात जे उतरते ते उकळत्यात बिघडते, हे प्युनिकॅलाजिनाबाबत तंतोतंत खरे आहे. फार उकळले तर ते फुटते, आणि त्यातून सुटलेले एलॅजिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नसल्याने गाळात बसते. आजचे यंत्र महाग असले तरी तापमान आणि वेळ यांची ही जुनी चौकशी त्याला चुकलेली नाही.

महाराष्ट्रात या दिशेने झालेल्या कामांपैकी एक आम्हांस विशेष आवडते. काही क्षार पाण्यात विरघळवले की एरवी पाण्यात न विरघळणारे पदार्थही त्या पाण्यात विरघळू लागतात, हे कार्ल नॉयबर्गने 1916 साली दाखवले होते. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत विलास गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे तत्त्व निष्कर्षणाला लावले. 2002 साली मिऱ्यातील पायपरीन, मग हळदीतील कर्क्युमिन. द्रावक म्हणून खारे पाणी, आणि शेवटी साधे पाणी ओतले की हवा तो पदार्थ आपोआप खाली बसतो. तिथल्याच परंपरेतील एका संशोधकाने पुढे अमेरिकेत याच रीतीने आंबट संत्र्याच्या बियांतून लिमोनिन काढले. ते काम 2008 साली प्रसिद्ध झाले. यांतही क्षार परत मिळवण्याचा खर्च आहे, तरी पाण्याला थोडे समजावून घेतले तर ते किती दूर येते, हे यातून दिसते. डाळिंबापुरते बोलायचे तर सोलापूरला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

आमच्या प्रवरेच्या खोऱ्याला याहून जवळचा एक द्रावक उपलब्ध आहे. प्युनिकॅलाजिनासाठी नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि इथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण बरे पडते, आणि अल्कोहोल हे आमच्याकडचे गावठी पीक म्हणावे लागेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या अखेरीस गाळप करू लागला. संगमनेरातही सहकारी कारखाना आहे. साखर काढून उरते ती मळी, मळी आंबवून अल्कोहोल. म्हणजे एका चोथ्याचा अर्क दुसऱ्या चोथ्याचा अर्क काढायला वापरता येईल. कल्पना इतकी सुबक आहे की प्रथम सुचली तेव्हा आम्ही आनंदाने चार मित्रांना फोन केले. त्यांतील एक जण आसवनीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे विचारले, “आणि स्पेंटवॉशचे काय?” एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळपट तपकिरी सांडपाणी निघते, ते नदीत गेले तर पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. त्याची विल्हेवाट लावण्याच्या रीती आहेत, कायदे आहेत. पण ‘हरित द्रावक’ असे लिहिताना हा हिशेब कोणी लिहीत नाही. शोधनिबंधात अल्कोहोल बाटलीतून येते. त्यापूर्वी ते कुठून आले याला तिथे जागा नसते.

हाच प्रश्न सालीबद्दल विचारावा लागतो, ती कुठून आली. डाळिंबाला तेल्या नावाचा रोग होतो, झँथोमोनास जिवाणूचा. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग साल तडकते. नगर-नाशिक-सोलापूरच्या बागा या रोगाने उद्ध्वस्त झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत; लोकांनी झाडे मुळासकट उपटून बांधावर रचून जाळली. या रोगावर बोर्डो मिश्रण, ताम्रयुक्त औषधे फवारतात, एके काळी प्रतिजैविकही फवारले जाई. शिवाय किडींसाठी निराळी औषधे. बहार धरल्यापासून तोडणीपर्यंत फवारण्यांची संख्या शेतकरी बोटांवर मोजत नाही, वहीत लिहितो. हे सारे कुठे बसते? सालीवर. आपण साल सोलून टाकतो म्हणून दाणे निर्धास्तपणे खातो. साल ही फळाची भिंत आहे, फळावर पडलेले सर्व तिने आधी अंगावर घेतलेले असते. आणि आता त्याच सालीचा, शतपट घट्ट केलेला अर्क आपण कुपीत भरून आरोग्यासाठी घ्यायचा आहे. द्रावक कितीही निर्मळ असला तरी तो प्युनिकॅलाजिन आणि कीटकनाशक यांत भेदभाव करीलच असे नाही. त्यातून, कारखान्याला स्वस्तात मिळणारी फळे कोणती, तर डागाळलेली, तडकलेली, बाजाराने नाकारलेली. म्हणजे बहुधा अशा बागांची, जिथे रोग अधिक आणि फवारे अधिक. ‘पर्यावरणस्नेही निष्कर्षण’ या शब्दप्रयोगात स्नेह फार उशिरा सुरू होतो, असे आम्हांस वाटते ते यामुळे. तो यंत्राच्या दाराशी सुरू होतो. तो बागेत सुरू व्हायला हवा, आणि तिथे तो सुरू करणे हे द्रावक बदलण्याहून कितीतरी अवघड आहे. कारण एक बहार तेल्याने गेला तर वर्षाचे पैसे जातात, आणि ‘कमी फवारा’ असे सांगणाऱ्याचे काही जात नाही.

कोकणात कोकमाचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. कोकमात सालच मुख्य. तिला रसाची पुटे देऊन उन्हात सुकवतात ते आमसूल. बियांतून निघते ते मुठेल, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचे. तिथे कोणी ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे फलक लावत नाही, कारण टाकलेच काही जात नाही. याचे श्रेय केवळ कोकणी माणसाच्या काटकसरीला देऊ नये. कोकमाचे झाड परसात असते, साल सोलणारी आणि आमसूल विकणारी बाई एकच असते, आणि फळ दूर जात नसल्याने साल मालकाच्याच अंगणात राहते. डाळिंबाची साल फळाबरोबर गाव सोडते. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर. त्या वजनात निम्मी साल असते हे खरे, म्हणून सालीचेही पैसे मिळाले असे म्हणता येईल. पण उद्या सालीतील अर्काला दाण्यांपेक्षा अधिक मोल आले तर ती वाढ कोणाच्या खिशात जाईल? उसाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर या खोऱ्याने एकदा दिलेले आहे. कारखाना सभासदांचा होता म्हणून मळी आणि बगॅस हीदेखील, निदान कागदोपत्री, त्यांचीच होती. सहकाराचे पुढे काय झाले त्यावर निराळा लेख लिहावा लागेल आणि तो लिहिण्यास आमच्याहून धीट माणूस लागेल. तरीही उरलेल्यावर हक्क कोणाचा, हे तिथे आधी ठरले आणि यंत्रे मग आली. डाळिंबात क्रम उलटा दिसतो. यंत्रावर शोधनिबंध शेकडो, सालीच्या मालकीवर आमच्या वाचनात एकही नाही.

अर्काच्या मोलाबद्दलही सावध राहावे. अमेरिकेत पॉम वंडरफुल या कंपनीने डाळिंबाचा रस आणि त्याचे अर्क विकताना हृदयविकार, प्रोस्टेटचा कर्करोग यांबाबत जे दावे केले, त्यांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2010 साली कारवाई सुरू केली. 2013 साली आयोगाने ते दावे फसवे ठरवले, आणि 2015 साली अपील न्यायालयाने तो निर्णय बहुतांशी कायम ठेवला. परीक्षानळीत जे घडते ते पोटात घडेलच असे नसते. प्युनिकॅलाजिन आतड्यातून जसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्यातील जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची द्रव्ये करतात, आणि ती खरी कामाची असावीत असा कयास आहे. यातली खोच अशी की हे जिवाणू सर्वांच्या पोटात नसतात. एकच कुपी दोघांनी घेतली तर एकाला युरोलिथिन मिळेल, दुसऱ्याला केवळ बिल. एकच कविता दोन वाचकांना शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

साल वाळवणे हा शेवटचा आणि सर्वांत गद्य प्रश्न. ताज्या सालीत सुमारे सत्तर टक्के पाणी असते. ढीग लावला तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते, आणि मग तिचा काहीच उपयोग नाही. शंभर किलो साल वाळून तीसेक किलो भरते. यंत्राने वाळवायची तर वीज किंवा लाकूड जळते आणि हरित हिशेब पुन्हा बिघडतो. ऊन मात्र आमच्याकडे मुबलक आहे. हस्त बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चपासून उतरू लागतात, तेव्हा तळेगावच्या माळावर पत्रा चटका देतो. पातळ कापलेली साल तिथे दोन-तीन दिवसांत कडक वाळावी. मृग बहाराचे फळ दिवाळीच्या पुढे-मागे येते, तेव्हाही आकाश बहुधा निवळलेले असते. फक्त आंबे बहाराची फळे ऐन पावसाळ्यात निघतात, आणि तेव्हा ऊन नसते. ओळखीच्या एका बागाईतदारांना आम्ही हे सारे गणित मोठ्या उत्साहाने समजावून दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, सगळं खरं. पण साल कापायला बाई लावली तर हजेरी द्यावी लागंल. तो आकडा तुमच्या कागदात कुठं धरलाय?”

कागदात तो आकडा नव्हता. आम्ही त्यांच्याकडूनच दिवसाची हजेरी विचारून घेतली, एक बाई दिवसाकाठी किती साल कापील याचा त्यांचा अंदाज घेतला, आणि तिथेच शेततळ्याच्या कडेला बसून दोघांनी हिशेब मांडला. हजेरी, वाळवण, पोती आणि भाडे धरून वाळलेल्या सालीला किलोमागे जो दर यायला हवा तो निघाला. तो दर देणारा कोणी संगमनेरात अद्याप आम्हांस भेटलेला नाही. नासपाल घेणाऱ्या एका रंगाऱ्याला पत्र लिहिले आहे.